किती दिवस हाईस?

परदेशातून सुट्टीला आलेला माणूस कोल्हापुरात आपल्या दारात उतरला, की बॅगा रिक्षातून खाली यायच्या आत त्याला हा प्रश्न येतो. शेजारच्या काकू विचारतात, कोपऱ्यावरचा पानवाला विचारतो, तालमीच्या कट्ट्यावर बसलेली जुनी मंडळी विचारतात. कधी आलास, कसा आलास, हे नंतर. आधी मुक्काम किती ते सांग. माणूस राहणार किती, यावरून त्याला कोणत्या घरी जेवायला बोलवायचं, जोतिबाला कधी न्यायचं, कुणाच्या साखरपुड्याला बसवायचं, हे सगळं ठरतं. आणि मी गेली वीस वर्षं बघतोय, या प्रश्नाचं उत्तर दर खेपेला आखडत चाललंय. महिना म्हणणारे तीन आठवडे म्हणायला लागले, तीन आठवडेवाले आता आठवडा म्हणतात. सुट्टी तेवढीच आहे. कोल्हापूरच्या वाट्याचे दिवस कमी झालेत.

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत राहतो. गेल्या डिसेंबरात तो बायकोमुलांना घेऊन आला. एकूण दिवस एकवीस. त्यांतले दोन मुंबईत, झोपेचं गणित बसवायला. सहा कोल्हापूर. चार गोवा. पाच दिवस जयपूर-उदयपूर. तीन पुण्यात, भावजयीच्या माहेरी. एक प्रवासात गेला. सगळी बुकिंगं सहा महिने आधी झालेली. आमची आई ८४ वर्षांची आहे. तिनं बोटं मोजली आणि म्हणाली, "सहा कुठले? चारच की. दोन दिवस तू बँकेत आणि तलाठ्याकडं."

तिचं खरं होतं. वडील गेल्यावर करवीर तालुक्यातल्या उसाच्या रानावर वारस नोंद लागायची राहिली होती. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं मात्र मिळते. ती सातबाऱ्यावर चढायची तर कागद लागतात, सह्या लागतात, आणि ज्या साहेबांची सही लागते ते त्या दिवशी बैठकीला गेलेले असतात. शिवाय त्याचं इथलं जुनं बचत खातं. परदेशी स्थायिक झाल्यावर ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या, खात्यात बदलून घ्यावं लागतं, हे त्याला पंधरा वर्षांनी कळलं. पाहुणा म्हणून आलेला मुलगा दोन दिवस टोकन हातात धरून बाकावर बसला. डिसेंबरात कोल्हापुरातल्या कुठल्याही बँकेत जाऊन बघा, पाठीला सॅक लावलेली, हातात पारपत्राच्या झेरॉक्स घेतलेली अशी चार-दोन माणसं दिसतीलच.

उरलेल्या चार दिवसांत माझ्या पुतण्याचं जे झालं, त्यासाठी मी हे लिहायला बसलोय.

पोरगा बारा वर्षांचा. जन्म तिकडचा, पारपत्र अमेरिकेचं, हातात ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं ओळखपत्र. मराठी समजतं, बोलताना अडखळतो. पहिल्या दिवशी सकाळी त्याला गंगावेशीत नेलं. समोर म्हैस बांधलेली, माणूस उकिडवा बसून धार काढतोय, आणि फेसाळलेला पेला हातात गरम लागतोय, हे त्यानं डोळे मोठे करून बघितलं. प्यायला मात्र नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या पेठेतल्या तालमीत नेलं. दारातूनच ओल्या मातीचा, तेलाचा, हळदीचा वास आला. वस्ताद माझ्या ओळखीचे. ते पोराकडे बघून नुसते हसले, बोलले काही नाहीत. पोरगा हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, काठावर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी स्वतःच उठून म्हणाला, "काका, तिथं जायचं?" पुन्हा काठावर तासभर बसला. त्या दिवशी माघारी येताना गंगावेशीत अर्धा पेला दूधही प्याला.

चौथ्या दिवशी वस्तादांनी त्याच्या हातात फावडं दिलं.

ज्यांना तालीम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाल माती चाळून, त्यात ताक, हळद, लिंबू, तेल घालून हौदा तयार होतो, आणि रोज लढतीआधी तो उकरावा लागतो. नवीन पोराला डाव शिकवत नाहीत, आधी माती उकरायला लावतात. त्यात दंड भरतो, दम वाढतो, आणि मातीशी ओळख होते. फावडं हातात देणं म्हणजे वस्तादांनी पोराला दाखल करून घेणं. पोरगा अर्धा तास माती उकरत होता. तळहाताला फोड आला. घरी येऊन त्यानं तो आजीला दाखवला, तिनं हळद लावली आणि दोघं बराच वेळ त्या फोडाविषयी बोलत बसली. कुठल्या भाषेत बोलली मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी आली आणि सगळे गोव्याला गेले.

मी त्या गाडीमागं उभा राहून जे मनात म्हटलं तेच इथं म्हणतोय. परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांनी गावच्या सुट्टीची सहल करून टाकली आहे आणि आपल्या शहरानं स्वतःची सहलीची जागा करून घेतली आहे. दोघंही एकमेकांना मुक्कामाची संधी देत नाहीत. यात बदल करणं कठीण नाही, पण आधी हा सार्वजनिक प्रश्न आहे हे मान्य करावं लागेल. प्रत्येक घर तो आपल्या घरापुरता, आईच्या डोळ्यांतल्या पाण्यापुरता समजतं, आणि म्हणून महापालिकेपासून पालकमंत्र्यांपर्यंत कुणाच्या यादीत तो येत नाही.

शहराच्या बाजूनं आधी बोलतो. शनिवारी सकाळी बिंदू चौकात उभं राहा. पुण्या-मुंबईच्या, कर्नाटकच्या, हैदराबादच्या गाड्या ओळीनं येतात. अंबाबाईचं दर्शन, मिसळ, महाद्वार रोडवर साज आणि चपलेची खरेदी, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा, पन्हाळ्यावर फोटो, आणि संध्याकाळच्या आत गगनबावड्यानं किंवा आंबोलीनं कोकण-गोव्याकडे रवाना. सहा-आठ तासांत कोल्हापूर संपतं. या गर्दीवर रिक्षावाले जगतात, ओटीवाल्या मावशी जगतात, हॉटेलात वाढणारी पोरं जगतात. त्यांच्या पोटावर पाय यावा असं मी चुकूनही म्हणणार नाही. देवीचा भाविक हा या गावाचा पहिला मानकरी आहे आणि तो सहा तासांसाठी आला तरी त्याला सावली, पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह मिळालंच पाहिजे.

पण मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं अंबाबाई मंदिराच्या विकास आराखड्याला १,४४५ कोटी रुपयांची मंजुरी दिली, जोतिबासाठी २५९ कोटींची. एवढी मोठी रक्कम या शहराच्या नावावर क्वचितच येते. त्यानंतर गावात जी चर्चा चालू आहे ती रांगेची, वाहनतळाची, मंदिराभोवतालच्या जागांची. माणसं लवकर आत कशी जातील आणि लवकर बाहेर कशी पडतील, हा तिचा गाभा. रात्री राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी काय करेल, हे कुणी बोलत नाही. पंधरा दिवस राहिलेल्याचा तर विषयच नाही.

खरं तर बाहेरून येऊन मुक्काम केलेल्यांनीच या शहराला पुष्कळ दिलं आहे. उस्ताद अल्लादिया खाँ राजस्थानातल्या उणियाऱ्याचे, शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि राहिले. त्यांच्या राहण्यामुळं आज जयपूर-अत्रौली गायकीचं नाव निघालं की कोल्हापूरचं नाव निघतं. ते मैफल करून दुसऱ्या दिवशी निघून गेले असते तर आपल्याकडे एक आठवण उरली असती, घराणं नाही.

आणि वळिवडे. माझ्या शाळेतल्या पोरांना मी हा धडा पुस्तकात नसताना शिकवायचो. कोल्हापूरहून मिरजेकडे रेल्वेनं निघालं की गूळ मार्केटनंतर वळिवड्याचं छोटं स्टेशन येतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, तिथं पोलंडच्या निर्वासितांची वसाहत उभी राहिली. ही माणसं पूर्व पोलंडमधून सोव्हिएत फौजांनी उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेलेली. तिथून सुटून इराणमार्गे हिंदुस्थानात आलेली. बहुतेक बायका आणि मुलं. सुमारे पाच हजार जण १९४८ पर्यंत वळिवड्याला राहिले. तिथं शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं होत होती, पोरं पंचगंगेत पोहत होती. एक तरुणी तर इथंच लग्न करून कोल्हापूरकर झाली. पुढं फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्याच बराकींत येऊन राहिले आणि त्यांनी गांधीनगरची कापडपेठ उभी केली, जिथं आज सगळा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला जातो. एकाच जमिनीनं दोन देशांच्या उखडलेल्या माणसांना थारा दिला.

त्या पोलिश पोरांची पाच वर्षं इथं गेली. पाच वर्षं म्हणजे बालपणच. सप्टेंबर २०१९ मध्ये, महापूर ओसरून जेमतेम महिना झालेला असताना, त्यांच्यातली हयात असलेली काही माणसं कोल्हापुरात आली. ऐंशी-नव्वदीची. काठी टेकत वळिवड्यात फिरली. वॉर्सात कोल्हापूरच्या नावानं स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली, तेव्हा कित्येक कोल्हापूरकरांना ही गोष्ट पहिल्यांदा कळली. आपल्या महावीर उद्यानातही त्यांनी ठेवलेला स्मृतिस्तंभ आहे. मी कित्येकदा बघितलंय, लोक त्याच्या पायरीवर बसून भेळ खातात आणि वर काय लिहिलंय ते वाचत नाहीत.

जगात दुसऱ्या कुठल्या शहराकडे अशी गोष्ट असती तर त्यांनी तिच्यासाठी दोन दिवसांचा मुक्काम सहज घडवला असता. वळिवड्याला सकाळ, गांधीनगरात दुपार, तिथल्या जुन्या माणसांकडून ऐकलेल्या आठवणी. पोलंडमधून, इंग्लंडमधून त्या निर्वासितांची नातवंडं येतील, आणि येतात ती दर्शनाच्या रांगेत सहा तास घालवून जाणारी नसतात. त्यांना आजीची बराक कुठं होती ते शोधायचं असतं. त्यांना गावातल्या घरी राहायचं असतं. अशा वेळी घरमालकाला कुणीतरी शांतपणे सांगायला हवं, की परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते, हॉटेलनंच नव्हे, घरी ठेवणाऱ्यानंसुद्धा. हे माहीत नसल्यानं भल्या घरचे लोक पोलिसांच्या भीतीनं पाहुण्याला हॉटेलात पाठवतात. माहितीचा एक कागद आणि एक बोलणारा माणूस, एवढ्यानं हे काम होतं.

पन्हाळ्याचंही तेच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत आपला पन्हाळा आहे. आनंद मलाही झाला, मी पेढे वाटले. पण पन्हाळा हा नुसता किल्ला नाही, तिथं जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव आहे, नगरपालिका आहे, शाळा आहे. जागतिक वारसा म्हटल्यावर घराची भिंत दुरुस्त करायला कुणाची परवानगी लागणार, या धास्तीनं तिथली माणसं आधीपासूनच बोलत होती. त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. गडावर रात्री राहणारं गाव आहे म्हणून तो गड जिवंत आहे. एकदा गर्दी खाली गेल्यावर, पाच-साडेपाचला, अंधारबावीच्या पायऱ्या उतरून बघा. वरून साधी इमारत वाटते. आत शिरलं की गारवा अंगाला बिलगतो, खाली विहिरीचं पाणी, मधल्या मजल्यावर राहायची जागा, आणि तटातून बाहेर निघणारी वाट. वेढा पडला तरी आतल्यांचं पाणी तुटू नये म्हणून केलेली ही रचना. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा या गडाभोवती चार महिने पडला होता. वेढा म्हणजे काय, हे दुपारी दोन वाजता सेल्फीच्या गर्दीत कळत नाही. संध्याकाळी त्या पायरीवर पंधरा मिनिटं गप्प बसलं की कळायला लागतं. त्यासाठी गडावर रात्र काढावी लागते, आणि रात्र काढायची तर तिथल्या तीन हजार माणसांचं घर शाबूत असावं लागतं.

आता परदेशातल्या आपल्या माणसांशी बोलतो. मला राग नाही, जीव आहे म्हणून बोलतो.

तुम्ही म्हणता, पोरांना भारत दाखवायचा आहे. ताजमहाल, राजवाडे, बॅकवॉटर. बरोबर आहे, त्यांचा हक्क आहे. ओसीआय कार्ड असलं की राष्ट्रीय स्मारकांत तिकीटसुद्धा भारतीयांच्या दराचं पडतं, म्हणजे खिडकीवरचा कायदाही तुमच्या पोराला आपला मानतो. पण पाच दिवसांत चार शहरं आणि सहा किल्ले बघणारं पोरगं भारत बघत नाही, विमानतळ आणि हॉटेलचे नाश्ते बघतं. माझ्या पुतण्याला आल्यावर विचारलं, उदयपूर कसं होतं? म्हणाला, "छान होतं. तिथं पूल होता." पोहण्याचा तलाव, असं त्याला म्हणायचं होतं.

यावर कुणी गांधीजींचं उदाहरण देईल. ९ जानेवारी १९१५ ला ते दक्षिण आफ्रिकेतून परतले. त्या तारखेची आठवण म्हणून २००३ पासून आपण प्रवासी भारतीय दिवस पाळतो. गोखल्यांनी त्यांना सांगितलं होतं, की वर्षभर देश फिरून बघा, बोलू नका. गोपाळ कृष्ण गोखले म्हणजे कागलच्या शाळेत आणि आमच्या राजाराम कॉलेजात शिकलेले, तेव्हा त्यांचा सल्ला मी नाकारणार नाही. पण त्यांनी वर्ष सांगितलं होतं. गांधीजी फिरले ते तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून, लोकांत बसून. गोखल्यांनी एकवीस दिवसांत पाच विमानं बदलायला सांगितलं नव्हतं. आणि तो परत आलेला माणूस राहिला, म्हणूनच तर ती तारीख आपण लक्षात ठेवली आहे.

तुम्ही पैसे पाठवता, हेही खरं. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी १२९ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले, जगात सगळ्यांत जास्त. कोल्हापुरातल्या कित्येक घरांची स्लॅब, बहिणीचं लग्न, वडिलांचं ऑपरेशन त्या पैशांतून झालंय. त्याचं मोल मी कमी करत नाही. पण आमच्या आईनं पैशांचा हिशेब कधी विचारलेला मला आठवत नाही. ती दिवस विचारते.

दिवस कमी आहेत, रजा मिळत नाही, पोरांची शाळा बुडते, व्हिसाच्या शिक्क्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागतात. सगळं कबूल. म्हणूनच म्हणतो, जे दिवस आहेत ते एका ठिकाणी खर्च करा. एका खेपेला राजस्थान करा, पुढच्या खेपेला नुसतं गाव. सलग पंधरा दिवस. पहिले चार दिवस पोरं कंटाळतील, हे मी लिहून देतो. कंटाळू द्या. इंटरनेट आहेच म्हणून फोनात डोकं घालतील. पाचव्या दिवशी कुणीतरी त्यांना गल्लीत क्रिकेटला बोलावेल. सातव्या दिवशी त्यांना दुकानदाराचं नाव माहीत असेल आणि दुकानदाराला त्यांचं. भाषा तिथंच शिकली जाते. तुम्ही रविवारच्या मराठी शाळेत तिकडं दोन वर्षं जे घासता ते इथं गल्लीत दोन आठवड्यांत पोराच्या तोंडात येतं.

कोल्हापुरी चपलेचं बघा. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या आणि मूळ कुठलं ते सांगितलं नाही, तेव्हा सगळा महाराष्ट्र खवळला. योग्यच होतं, २०१९ पासून तिला भौगोलिक मानांकन आहे. पण ती चप्पल बनवणाऱ्याला विचारा, पायात बसायला किती दिवस लागतात? सुरुवातीला ती चावते. तेल लावावं लागतं, रोज थोडी थोडी घालावी लागते, मग चामडं पायाचा आकार घेतं आणि त्यानंतर वर्षानुवर्षं सोडत नाही. दर डिसेंबरात चप्पल लाइनीतून चार-चार जोड बॅगेत भरून नेणाऱ्यांच्या घरी, तिकडं, त्या भिंतीला टांगलेल्या असतात किंवा कपाटात. पायात बसायला वेळ मिळालेला नसतो. सुभाषनगरात जिथं त्या शिवल्या जातात तिथं पोराला घेऊन एक सकाळ जा. हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेलं चामडं, चामड्याच्याच वादीनं घातलेली शिवण, खिळा नाही. कारागीर बसायला पाट देतो, चहा सांगतो. त्या सकाळचं तिकीट नाही.

शहरानं यात काय करावं? मी जे मागतोय ते १,४४५ कोटींतला चिमूटभर भाग आहे. डिसेंबर-जानेवारीत आणि जुलै-ऑगस्टमध्ये तहसील कार्यालयात बाहेरगावी राहणाऱ्यांच्या वारस नोंदींसाठी वेगळी खिडकी उघडा, आधी ऑनलाइन कागद तपासून तारीख द्या. त्यानं माझ्या आईचे दोन दिवस वाचले असते. दुबई, मस्कत, बहरीनला राहणाऱ्यांची पोरं उन्हाळी सुट्टीत, ऐन पावसात येतात, कारण तिकडच्या शाळा तेव्हा बंद असतात. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की तिकडचे आईबाप घाबरून तिकिटं रद्द करतात. त्यांना कोणता रस्ता चालू आहे, कोणत्या पेठेत पाणी येतं आणि कोणत्यात येत नाही, हे रोज मराठीत सांगणारी एक भरवशाची जागा द्या. पावसातलं कोल्हापूर त्या वाळवंटातल्या पोरांनी बघायलाच हवं. जुलैत तरुण पन्हाळा ते पावनखिंड चालत जातात, चिखल तुडवत. बारा-तेरा वर्षांचं पोरगं बापाबरोबर त्या वाटेवर एक दिवस चाललं तरी बाजीप्रभू त्याला वेगळे शिकवावे लागणार नाहीत.

करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. पावणेदोनशे वर्षांचं वाचनालय. सुट्टीला आलेल्या मुलांसाठी तिथं महिनाभराचं सभासदत्व आणि आठवड्यातून दोन दिवस गोष्टींचा तास ठेवता येईल. मी स्वतः येऊन बसेन. माझ्यासारखे निवृत्त मास्तर या गावात पैशाला पासरी आहेत आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची स्वतःची नातवंडं परदेशी आहेत. तालमींना तर काही सांगायची गरज नाही, त्यांचं दार उघडंच असतं. फक्त चार दिवसांत जाणाऱ्या पोराच्या हाती फावडं द्यावं का, हा त्यांच्यापुढचा पेच आपण सोडवायला हवा.

एक गोष्ट पोरांना मी नेहमी सांगत आलोय. आपले छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबरला, इटलीत फ्लोरेन्सला त्यांचं निधन झालं. वय जेमतेम वीस. तिथल्या आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. त्या जागी छत्रीखाली त्यांचा पुतळा आहे आणि जवळच्या पुलाला तिथली माणसं अजून त्या हिंदी राजाच्याच आठवणीनं ओळखतात. घरी निघालेला, घरी न पोचलेला कोल्हापूरकर. वर्गात हे सांगताना माझा आवाज दर वर्षी बदलायचा. आमच्या वर्गात तेव्हा बसलेली निम्मी पोरं आज बाहेर आहेत. त्यांना पोचता येतं. उजळाईवाडीला विमानतळ आहे, नवी इमारत २०२४ मध्ये झाली, मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली तर सकाळी गावात. वाट पूर्वीच्या मानानं कितीतरी सोपी झाली आहे.

परवा तालमीवरून जाताना वस्तादांनी हाक मारली.

"मास्तर, तुमचं ते अमेरिकेचं पोरगं कवा येतंय?"

जुलैत येतोय म्हणतंय, मी म्हटलं.

"आणि किती दिवस हाय?"

रात्री भावाला फोन लावला. तिकडे सकाळ होती, तो कामाला निघाला होता. म्हणाला, सहा आठवडे पोराला एकट्यालाच पाठवायचा विचार चाललाय, परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही. आई शेजारीच बसली होती. तिनं सगळं ऐकलं, काही बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला माळ्यावरची गादी खाली काढायला लावली.